शब्दसूची, दोन तास

माझ्या कॅलेंडरवर ‘शब्दसूची तपासणे’ या नावाचा दोन तासांचा एक फिकट जांभळा चौकोन होता. तो पहिल्यांदा एका मंगळवारी सकाळी दहा वाजता दिसला आणि त्यानंतर सात आठवडे रोज नजरेसमोर असूनही माझ्या हाती लागला नाही. मंगळवारचा गुरुवारी दुपारी गेला, गुरुवारचा शुक्रवारी, तिथून पुढच्या सोमवारी आणि मग कुठे कुठे. एकदा दुसरेच काही शोधताना त्या कामाचा इतिहास उघडला गेला, तेव्हा बारीक अक्षरांत एकाखाली एक तीच ओळ दिसली: ‘नव्या वेळेवर हलवले’. मी बोट ठेवून ओळी मोजल्या, २७ भरल्या. त्यांतली एकही हलवाहलव मी केलेली नव्हती, ती कामांना आपणहून जागा शोधून देणाऱ्या माझ्या कॅलेंडरच्या ॲपने केली होती, आणि, सांगायला संकोच वाटतो, पण त्यांतली एकही माझ्या लक्षात आली नव्हती.

मी तांत्रिक पुस्तिकांची भाषांतरे करते. यंत्र कसे जोडावे, कसे चालवावे, अडले तर आधी कोणता भाग पाहावा, असा तो मजकूर असतो आणि शब्दसूची हा त्याचा कणा असतो: मूळ भाषेतल्या अमुक संज्ञेला आपण तमुकच शब्द वापरायचा, असे ठरवून ठेवलेले दोन रकाने. सूची आज तपासली नाही म्हणून आज काही कोसळत नाही, आणि हीच तिची अडचण आहे. तिच्यासाठी कोणाचा फोन येत नाही, तिची कोणी आठवण करून देत नाही, तिला देय तारीख नसते. ती मागे पडते आणि मागे पडताना आवाजही करत नाही.

हे ॲप येण्यापूर्वी मी माझे कप्पे हाताने आखत असे. रविवारी रात्री पुढचा आठवडा उघडून बसायचे आणि त्यावर रंगीत चौकोन मांडायचे: हा भाषांतराचा, हा मुद्रितशोधनाचा, हा पत्रव्यवहाराचा. कामांची नुसती यादी करण्याऐवजी प्रत्येक कामाला दिवसातली ठरावीक जागा देण्याच्या या रीतीला आता सगळे टाइम ब्लॉकिंग म्हणतात, पण रीत जुनी आहे. अठराव्या शतकातला अमेरिकन मुद्रक आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन याने आपल्या आत्मचरित्रात पहाटे पाचपासूनच्या २४ तासांची अशी वाटणी दिलेली आहे. मला त्या तक्त्यापेक्षा त्याच्या जोडीला असलेली कबुली अधिक आवडते. अंगी बाणवायच्या गुणांपैकी सुव्यवस्था हा गुण आपल्याला सर्वांत जड गेला, असे तो लिहितो आणि त्याचे कारणही देतो. ज्याच्या धंद्यात वेळ स्वतःच्या हाती राहतो, अशा छापखान्यातल्या कारागिराला असे वेळापत्रक पाळता येईल. पण ज्याला चारचौघांत मिसळावे लागते आणि लोकांना त्यांच्या सोयीच्या वेळी भेटावे लागते, त्या मालकाला ते नेमकेपणाने पाळणे शक्य नाही.

माझी रविवारची मांडणी सोमवारी सकाळी अकरापर्यंत टिके. एक मीटिंग मध्येच येऊन बसली की तिच्याखालचे चार चौकोन एकेक करून खाली ओढावे लागत, त्यांपैकी शेवटचा दिवसाबाहेर सांडे, त्याच्यासाठी उद्याचा एक उचलावा लागे, आणि मंगळवारी दुपारपर्यंत मी आवरणेच सोडून दिलेले असे. एका तरुण सहकाऱ्याने माझी ही ओढाताण शेजारी बसून पाहिली आणि तो म्हणाला, “ताई, तुम्ही नुसती कामे सांगा. जागा ते शोधेल.”

ॲपने पहिल्या दिवशी मला बरेच प्रश्न विचारले. काम किती वेळाचे आहे, देय तारीख कोणती, प्राधान्य किती, ते एका बैठकीतच व्हायला हवे की तुकड्यांत चालेल, तुकड्यांत चालत असेल तर लहानात लहान तुकडा केवढा, सकाळी बरे की दुपारी, दोन मीटिंगच्या मध्ये किती मोकळी जागा राखायची. उत्तरे देता देता मला पहिल्यांदाच कळले की, आपल्या रोजच्या कामांविषयी आपल्याला यांतले फारसे काही ठाऊक नाही. शेवटचे उत्तर दिल्यावर पडदा क्षणभर रिकामा झाला आणि मग सगळा आठवडा वरून खाली भराभर भरत गेला. तो क्षण सुखाचा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. एखाद्याने आपला पसारा आपल्या देखत घडी घालून कपाटात लावून द्यावा, तसे वाटले.

हे ॲप जागा कशी राखते, हे मी नंतर सवडीने समजून घेतले, कारण शब्दसूचीच्या २७ फेऱ्यांचे मूळ तिथेच होते. कॅलेंडरमधल्या प्रत्येक नोंदीवर, ती दुसऱ्यांच्या नजरेला पडताना, ‘व्यस्त’ किंवा ‘मोकळा’ अशी एक खूण असते. १९९८ मध्ये ठरलेल्या आयकॅलेंडर नावाच्या प्रमाण पद्धतीत तिची तरतूद आहे आणि त्या पद्धतीमुळेच एका कंपनीच्या कॅलेंडरमधली नोंद दुसऱ्या कंपनीच्या कॅलेंडरला वाचता येते. माझ्या ॲपची निम्मी हुशारी या एका खुणेत होती. देय तारीख लांब असेपर्यंत ते कामाचा कप्पा इतरांना ‘मोकळा’ असा दाखवी. त्यावर कोणी मीटिंग टाकली तर तो कप्पा निमूट उठून दुसरीकडे जाऊन बसे. आणि तारीख जवळ येऊन पुढची जागा संपत आली की मगच त्यावर ‘व्यस्त’ अशी पाटी लागे. युक्ती उत्तम आहे. माझा आठवडा इतरांना विनाकारण बंद दिसत नाही आणि निकडीचे काम मात्र शेवटच्या क्षणी राखले जाते. आता ज्या कामाला तारीखच नाही, त्याच्यावर ती पाटी कधी लागायची, हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारला नाही.

कॅलेंडरने स्वतः जागा शोधण्याचा प्रयोग तसा नवा नाही. गूगलने २०१५ मध्ये टाइमफुल नावाची एक छोटी कंपनी विकत घेतली आणि २०१६ मध्ये आपल्या कॅलेंडरमध्ये ‘गोल्स’ नावाची सोय आणली. आठवड्यातून तीनदा व्यायाम एवढे सांगितले की ती त्यासाठी जागा हुडकून देई, आड काही आले तर सरकवी, आणि आज नको असेल तर आपण ‘नंतर’ म्हणू शकत असू. २०२२ मध्ये ती सोय बंद झाली. ते ‘नंतर’ मला आता फार मोलाचे वाटते, कारण ते निदान आपल्याला आपल्या बोटाने दाबावे लागत होते.

पण तक्रारीकडे येण्यापूर्वी या ॲपचे माझ्यावरचे उपकार सांगितले पाहिजेत, आणि ते थोडे नाहीत. त्याने माझे अंदाज उघडे पाडले.

आपल्या बोलण्यात वेळेची जी एकके सर्रास वापरात आहेत, ती मोजण्यासाठी नसतातच. ‘दोन मिनिटांत आले’, ‘पाच मिनिटांचे तर काम आहे’, ‘घटकाभर बसू’. घटका म्हणजे हिशेबाने २४ मिनिटे, अहोरात्राचा साठावा भाग. पण घटकाभर बसू म्हणणारा माणूस चोविसाव्या मिनिटाला उठलेला मी अजून पाहिलेला नाही. बोलताना हे चालते, कारण ऐकणाऱ्यालाही त्यातली सूट ठाऊक असते. ॲपला ती ठाऊक नसते. त्याला मी पत्रव्यवहाराला अर्धा तास सांगितला की ते अर्धाच तास देते आणि एकतिसाव्या मिनिटाला पुढच्या कामाची घंटा वाजवते. एका पानाच्या भाषांतराला मी वर्षानुवर्षे २५ मिनिटे धरत आले होते. सहा आठवड्यांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा सरासरी ४१ मिनिटे निघाली. बरे, मी या कामात नवखी असते तर गोष्ट वेगळी होती.

माझी ही चूक माझ्या एकटीची नाही, हे कळल्यावर थोडा धीर आला. डॅनिएल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीला नियोजनाचा भ्रम असे नाव दिले. पुढे १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या तीन मानसशास्त्रज्ञांनी आपले अभ्यास प्रसिद्ध केले. त्यांतल्या एकात प्रबंध लिहीत असलेल्या विद्यार्थ्यांना तो किती दिवसांत पुरा होईल, हे विचारले होते. त्यांचा अंदाज सरासरी ३३.९ दिवसांचा होता आणि प्रत्यक्षात लागले ५५.५ दिवस. याहून बोलके आकडे पुढे आहेत. सगळे काही बिनसले तर किती दिवस लागतील, असेही त्यांना विचारले होते, आणि तो आकडा सरासरी ४८.६ आला होता. म्हणजे माणूस वाइटात वाइट काय होईल याची कल्पना करतो, तेव्हाही तो थोडा आशावादीच राहतो.

मी माझ्या सगळ्या कामांचे अंदाज दीडपट केले. त्याबरोबर ॲपने आठवडा पुन्हा मांडला आणि त्यात माझी ११ कामे बसेनात. ती लाल होऊन एका कडेला रांगेने उभी राहिली. हाताने कप्पे आखताना असे कधीच झाले नव्हते, कारण हात आपलाच असतो, तो चौकोन थोडा आखूड काढतो आणि सगळे बसवतो. त्या दिवशी मी दोन नवी कामे घ्यायला नकार दिला. आठवड्यात किती मावते हे ठाऊक असल्यामुळे नकार देणे मला आयुष्यात प्रथमच सोपे गेले. पुढचे सगळे वाचून कोणाला वाटेल की मी ॲप काढून टाकले असेल. मी ते काढलेले नाही, आणि त्याचे कारण हे आहे.

आता शब्दसूची. तिला मी दोन तास दिले होते, प्राधान्य मध्यम ठेवले होते, तुकडे चालणार नाहीत असे सांगितले होते आणि देय तारखेची जागा रिकामी सोडली होती. यांतले प्रत्येक उत्तर खरे होते आणि सगळी मिळून त्या कामाचा गळा घोटत होती. दोन तासांची सलग जागा आठवड्यात मुळात तीन-चारच निघत. त्या इतरांना मोकळ्या दिसत, म्हणून मीटिंग बोलावणाऱ्याची पहिली नजर त्यांच्यावरच जाई. उरलेल्या जागेत देय तारीख असलेले प्रत्येक काम तिच्या पुढे घुसे. यात ॲपने काही गैर केले असे मला म्हणता येत नाही. कामे देय तारखेच्या क्रमाने लावली की एकाच यंत्रावर होणारा कमाल उशीर कमीत कमी राहतो, हे जॅक्सन नावाच्या गणितज्ञाने १९५५ मध्येच दाखवून दिले आहे, आणि यंत्रांना कामे लावण्याच्या शास्त्रात तो नियम आजही पाठ असतो. फक्त त्या नियमाला प्रत्येक कामाची तारीख लागते. जिला तारीख नाही ती रांगेच्या शेवटी, आणि रांगेत नवी माणसे येतच असतील तर शेवट कधी येत नाही.

संगणकशास्त्रात या अवस्थेला स्टार्व्हेशन, म्हणजे चक्क उपासमार, असे नाव आहे. कमी प्राधान्याचे काम वाट पाहत राहते आणि त्याच्या पानावर कधी काही पडतच नाही. वर्गात शिकवताना यावर एक दंतकथा सांगतात: १९७३ मध्ये एमआयटीतला आयबीएम ७०९४ हा जुना संगणक बंद केला, तेव्हा त्यात १९६७ मध्ये दिलेले एक काम आपली पाळी येण्याची वाट पाहत असलेले सापडले. गोष्ट खरी की रचलेली, कोण जाणे. मला मात्र ती वाचून त्या कामाचा चेहरा दिसला, आणि तो फिकट जांभळा होता. या उपासमारीवर उपायही तितकाच सुबक आहे. काम जितके जास्त थांबेल तितके त्याचे प्राधान्य थोडे थोडे वाढवत न्यायचे, म्हणजे कधी ना कधी ते सगळ्यांच्या पुढे येते. माझ्या ॲपच्या सेटिंगमध्ये मी ही सोय बराच वेळ शोधली. ती नव्हती.

ती सोय माझ्या जुन्या वहीत होती. वहीत आज न झालेले काम उद्याच्या पानावर पुन्हा लिहावे लागे. पहिल्यांदा लिहिताना काही वाटत नसे. दुसऱ्यांदा अक्षर जरा घाईचे येई. चौथ्यांदा तेच शब्द उतरवताना मात्र पेन अडखळे, आणि मग एक तर मी ते काम तिथल्या तिथे करून टाकी किंवा सरळ त्यावर काट मारी. दोन्हींत त्या कामाचा निकाल लागे. पुन्हा लिहिण्याचे ते कष्ट अगदीच किरकोळ होते, आणि ते वाचवण्यासाठीच तर मी हे ॲप घेतले होते. वाचलेही. पण कामाला पुढे ढकलताना मनाला जी बारीकशी टोचणी लागते, ती त्या कष्टांतच बसलेली होती, हे ती गेल्यावर कळले. पुढे ढकलणारी मी राहिले नव्हते. मी सकाळी कॅलेंडर उघडी तेव्हा सगळे नीट लावलेले असे, कुठे खाडाखोड नाही, कुठे कालचे उरलेले नाही, आणि असे दिसे की या घरात सगळी कामे वेळेवर चालली आहेत.

त्याची किंमत एका पुस्तिकेने वसूल केली. पान १४ वर मी एका भागाला ‘झडप’ म्हटले होते आणि पान ५२ वर त्याच भागाला ‘व्हॉल्व्ह’. तपासनिसाचे एका ओळीचे पत्र आले: “हे दोन वेगळे भाग आहेत का?” रागाचा एक शब्द त्यात नव्हता. मी शब्दसूची उघडली, तर तिथे दोन्ही शब्द एकाखाली एक, दोन वेगवेगळ्या महिन्यांत माझ्याच हाताने भरलेले होते.

मग मी काही उपाय करून पाहिले. पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तो: खोटी देय तारीख. सूचीला पुढच्या शुक्रवारची तारीख देऊन टाकली. ॲप लगेच फसले, त्याने कप्प्यावर पाटी लावली आणि जागा राखली. पण शुक्रवार आला तेव्हा तारीख खोटी आहे हे मला ठाऊकच होते, त्यामुळे मी खुशाल दुसरे काम करत बसले. दुसरा उपाय तुकड्यांचा. लहानात लहान तुकडा अर्ध्या तासाचा चालेल असे सांगताच काम चार दिवसांत विखरून झटकन मार्गी लागल्यासारखे दिसू लागले. प्रत्यक्षात प्रत्येक अर्ध्या तासातली पहिली दहा मिनिटे काल कुठे थांबलो होतो हे आठवण्यात जात आणि आधीच्या मीटिंगमधले कोणाचे तरी वाक्य डोक्यात घोळत राही. सोफी लरॉय यांनी २००९ च्या आपल्या संशोधनात याला अवधानाचा अवशेष म्हटले आहे: एका कामावरून दुसऱ्यावर गेले तरी मनाचा काही भाग मागेच रेंगाळतो, विशेषतः मागचे काम अर्धवट सुटलेले असेल तर. अर्ध्या तासाचा तुकडा पत्रव्यवहाराला पुरतो. शब्दसूचीसारख्या कामाला, जिथे एक संज्ञा पाहताना मागच्या चाळीस ध्यानात ठेवाव्या लागतात, तिथे तो निव्वळ हजेरी लावण्यापुरता आहे.

मध्यंतरी आणखी एक गंमत झाली. एका सहकाऱ्यानेही असेच एक ॲप घेतले, आणि आमची आठवड्याची दोघांची मीटिंग दोन्ही ॲपच्या दृष्टीने ‘सरकवता येण्याजोगी’ ठरली. माझे ॲप तिला दुपारी तीनवर नेई, त्यांचे साडेचारवर, मग माझे पुन्हा दुसऱ्या दिवशी. एका सकाळी मला तिच्या वेळेत बदल झाल्याच्या नऊ सूचना आल्या. शेवटी आम्ही एकमेकांना फोन केला आणि मीटिंगचे बोलणे त्या फोनवरच उरकले.

आता मी अशी सोय लावली आहे. मीटिंगची तयारी, पत्रे, बिले, पानांची शेवटची नजर, ही कामे ॲपने खुशाल हलवावीत. ती कुठेही बसली तरी तीच राहतात. मात्र आठवड्यातली दोन-तीन कामे मी स्वतः जागेवर ठोकून बसवते, त्यांच्यावर पहिल्या क्षणापासून ‘व्यस्त’ असते आणि ती हलवायची असतील तर मलाच हलवावी लागतात. शिवाय शुक्रवारी सायंकाळी १५ मिनिटांचे एक काम ठेवले आहे: ज्या कामांच्या इतिहासात ‘नव्या वेळेवर हलवले’ ही ओळ तीनदा आली असेल, त्यांची नावे वहीत हाताने लिहायची. एवढेच, त्यांचे पुढे काय करायचे ते वही पाहून घेते.

गेल्या शुक्रवारी सकाळी दहा ते बारा शब्दसूची होती. बाराला ‘झाले का?’ असा प्रश्न पडद्यावर आला, तेव्हा ४१२ नोंदींपैकी २६० झाल्या होत्या. मी दीड तास वाढवून मागितला आणि पुन्हा सूचीत डोके घातले. शेवटची संज्ञा तपासून कॅलेंडरकडे वळले तेव्हा दिवसाचे बाकीचे कप्पे एकामागून एक खाली घसरून बसले होते: पत्रव्यवहार तीनला, मुद्रितशोधन चारला, आणि सायंकाळचे ते १५ मिनिटांचे काम जागा न उरल्यामुळे सोमवारवर गेले होते. सहज म्हणून त्याचा इतिहास उघडला. त्या आठवड्यात त्याच्या नावापुढची ती तिसरी ओळ होती. मी वही पुढे ओढली आणि पहिले नाव त्याचेच लिहिले.